मांडवीचं खोटं लेबल आणि शहाद्याचा रानपिंगळा

मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या उत्तरेला आरेची झाडी सुरू होते. तिथे दिवेलागणीला पिंगळा दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीतून तो बाहेर येतो, फांदीवर बसून मान खाली-वर करत माणसाकडे टक लावून बघतो, आणि जोडीदार जवळ असला की दोघं मिळून कर्कश कलकलाट करतात. तबेल्यांच्या आसपास, दिव्याच्या खांबावर, पडक्या भिंतीच्या भोकात, जिथे किडे आणि उंदीर असतील तिथे तो राहतो. घुबडांच्या कुळातला हा पक्षी उपनगरातल्या माणसांच्या अगदी ओळखीचा आहे.

याच पिंगळ्याचा एक भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. त्याची लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर, साधा पिंगळा त्याहून दोनेक सेंटिमीटरने लहान. दोघंही तपकिरी, दोघांचेही डोळे पिवळे, दोघंही वाटोळ्या डोक्याचे. पण एक वस्तीला चिकटून राहिला आणि दुसरा ११३ वर्षं जगाच्या लेखी हरवलेला होता. १८८४ पासून १९९७ पर्यंत रानपिंगळ्याची एकही भरवशाची नोंद झाली नाही. दावे मात्र होत राहिले. कुणी आपल्याला तो दिसल्याचं सांगितलं, रानपिंगळ्याचा म्हणून छापला गेलेला फोटो तपासणीत साध्या पिंगळ्याचा निघाला, आणि एका संग्रहालयात तर लेबल लावलेला नमुनाच पडून होता. शेवटी पक्षी सापडला तो या सगळ्या पुराव्यांची कठोर छाननी करून त्यातले बहुतेक बाजूला काढल्यावर. शंका घेणाऱ्या माणसाला आपण सहसा खोडा घालणारा समजतो. रानपिंगळ्याच्या बाबतीत शंका हीच शोधाची पहिली पायरी होती.

या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ साली केलं. राष्ट्रीय काँग्रेसचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे ह्यूम. ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्षीशास्त्राचं नियतकालिक ते स्वतः चालवत. वर्णनासाठी वापरलेला नमुना आदल्या वर्षी ब्लूइट नावाच्या संग्राहकाने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझरच्या जंगलात मिळवला होता, म्हणून पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘ब्लूइटी’ आलं. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातल्या खरियार भागात एक मिळाला. त्यानंतरचे नमुने खानदेशातले. तिथे नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या रानात, १८८० ते १८८४ या काळात काही रानपिंगळे मिळवले आणि त्यांची कातडी भरून इंग्लंडला धाडली.

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली ती १८८३ साली. म्हणजे भारतातल्या पक्ष्यांच्या नोंदी पद्धतशीर ठेवणारी संस्था उभी राहिली, आणि दुसऱ्याच वर्षी रानपिंगळा नोंदींतून गायब झाला. सगळ्या जगाच्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने होते अवघे सात.

विसाव्या शतकात त्याचा शोध कुणी घेतलाच नाही असं नाही. सलीम अली आणि अमेरिकेतले पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ले या दोघांनाही हा पक्षी अजून कुठेतरी असेल असं वाटत होतं, आणि त्यांनी तो शोधलाही. १९७६ साली रिप्ले यांनी या पक्ष्याविषयी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखही लिहिला. पण शोध घ्यायचा कुठे? छत्तीसगड, ओडिशा आणि खानदेशातल्या नोंदी फार जुन्या झालेल्या. हाताशी असलेली सर्वांत ताजी नोंद होती १९१४ ची, गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी गावची. नमुना ब्रिटिश संग्रहालयात होता, आणि त्याच्या पायाला बांधलेल्या लेबलवर संग्राहकाचं नाव होतं कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन. साहजिकच मांडवीच्या परिसरातही शोध घेतला गेला. काहीच हाती लागलं नाही.

हा मायनर्ट्झहागेन मोठं प्रस्थ होता. लष्करी अधिकारी, हेर, शिकारी, लेखक, आणि पक्षीशास्त्रात तर त्याचा शब्द म्हणजे प्रमाण. त्याने जमवलेले सुमारे २० हजार पक्षी १९५४ साली ब्रिटिश संग्रहालयाला मिळाले. दक्षिण आशियातल्या कितीतरी पक्ष्यांच्या आढळक्षेत्राचे नकाशे त्याच्या लेबलांच्या आधाराने काढले गेले. त्याच्याविषयी कुजबुज फार आधीपासून होती. संग्रहालयातले नमुने परवानगीशिवाय नेल्यामुळे पक्षी विभागात यायला त्याला काही काळ बंदीही झाली होती. पण त्याचा दबदबा असा, की कुजबुज छापील शब्दांत उतरली नाही. १९६७ मध्ये तो गेला. १९९३ साली ॲलन नॉक्स या शास्त्रज्ञाने त्याच्या संग्रहातले काही छोटे पक्षी तपासून ते चोरलेले आणि खोटी लेबलं लावलेले असल्याचं उघडपणे लिहिलं, तेव्हा तोंडं उघडली.

याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या मार्गदर्शक पुस्तकाच्या कामात होत्या. हे काम रिप्ले यांनी सुरू केलेलं. प्रत्येक पक्षी नेमका कुठे आढळतो हे ठरवायला जुने नमुने तपासावेच लागतात, आणि ते तपासताना मायनर्ट्झहागेनची लेबलं त्यांना जागोजागी खटकायला लागली. रानपिंगळ्याचा १९१४ चा नमुना त्यांनी पक्षीशास्त्रज्ञ नायजेल कॉलर यांच्यासोबत बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रं काढली, आतले तंतू पाहिले. कातडं एकदा भरून शिवलेलं होतं. मग कुणीतरी ते भिजवून सैल केलं, पुन्हा भरलं, वेगळ्या पद्धतीने घडवलं आणि त्याला नवं लेबल बांधलं. पण आत उरलेल्या खुणा डेव्हिडसनच्या नमुन्यांशी जुळत होत्या. मांडवीचा म्हणून ठेवलेला तो पक्षी खानदेशातून १८८० च्या दशकात आलेला, संग्रहालयातूनच चोरलेला आणि पुन्हा संग्रहालयालाच दिलेला होता. हा सगळा तपास १९९९ साली ‘आयबिस’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

एका खोट्या लेबलाने दोन प्रकारचं नुकसान केलं. पक्षी नसलेल्या जागी शोधणाऱ्यांची मेहनत गेली, हे एक. दुसरं अधिक खोल. १९१४ ची नोंद खरी मानली की पक्षी विसाव्या शतकात तापीच्या खोऱ्यात सखल भागात होता असं धरावं लागतं, आणि मग तिथे तो सापडत नाही म्हणजे तो संपला, हा निष्कर्ष आपोआप पुढे येतो. चुकीची नोंद अशी आशाही चुकीच्या ठिकाणी लावते आणि निराशाही.

रासमुसेन यांनी मांडवी यादीतून काढून टाकली. मधल्या काळातले नुसते ‘दिसला’चे दावेही काढले. मागे उरल्या फक्त एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या जागा. त्यांना धरून नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे पक्षी नव्हता. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर किंग यांना एक छोटं घुबड दिसलं.

त्यापुढचे क्षण मुद्दाम सांगण्यासारखे आहेत. ज्या पक्ष्यासाठी जग ओलांडून यावं तोच समोर बसलेला असताना, ‘हाच तो’ म्हणण्याचा मोह केवढा मोठा असेल! या मंडळींनी आधी खुणा मोजल्या. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके आहेत का? नाहीत, माथा जवळजवळ एकरंगी. छातीवर गडद तपकिरी रंग आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा आहे का? आहे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे? आहेत. पाय जाडजूड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले? आहेत. मग फोटो आणि व्हिडिओ. आपल्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवावा असा त्यांचा आग्रह नव्हता. चित्रफीत समोर ठेवून ‘तुम्हीच बघा’ म्हणता येईल एवढं त्यांनी गोळा केलं. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात महिने होते.

आता मधल्या शंभरेक वर्षांतल्या दाव्यांकडे वळू. ते करणारी माणसं खोटारडी होती का? मायनर्ट्झहागेन वगळता तसं मानायला काहीच आधार नाही. पक्ष्यांच्या दाव्यांत लबाडी क्वचित असते. चूक मात्र फार सहज होते, आणि दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ती होण्याचं एक साधं गणिती कारण आहे.

समजा, आरेत आणि आसपासच्या वस्त्यांत वर्षाकाठी पाच हजार वेळा कुणा ना कुणाला साधा पिंगळा दिसतो. बघणारे सगळे जाणकार आहेत आणि हजारात एकदाच चुकतात. तरी वर्षाला पाच जण ‘रानपिंगळा दिसला’ असं प्रामाणिकपणे सांगतील, आणि आरेत रानपिंगळा एकही नसला तरी सांगतील. दहा वर्षांत असे पन्नास दावे जमतील. मग कुणीतरी म्हणेल, पन्नास माणसं कशी चुकतील? पण ती पन्नास माणसं एकमेकांना दुजोरा देतच नाहीत. प्रत्येकाची चूक स्वतंत्र आहे, आणि सगळ्या चुका एकाच सर्वसामान्य पक्ष्यातून उगवल्या आहेत. म्हणून दाव्यांची संख्या वाढली की पुरावा आपोआप वाढतो असं होत नाही. कच्च्या नोंदींचा ढीग कितीही उंच केला तरी तो एका पक्क्या नोंदीच्या जागी येत नाही.

पिंगळ्याच्या बाबतीत चुकायला वाटाही पुष्कळ आहेत. पिसं झिजलेल्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके फिके पडतात. पाठीमागून ऊन असेल तर माथा काळपट, सपाट दिसतो. जंगलात राहणारं आणखी एक लहान घुबड आहे, जंगल आउलेट, अंगभर बारीक आडव्या पट्ट्यांचं, तेही घोटाळा करतं. रानपिंगळा दिवसा वावरतो हे वाचलेल्या माणसाला दुपारी घुबड दिसलं की तो रानपिंगळाच असं वाटू शकतं. पण साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतोच. हल्ली मोबाइलमधले आणि संगणकावरचे फोटो सुधारणारे प्रोग्रॅम चित्रातला कणीदारपणा घालवताना बारीक तपशीलही पुसून टाकतात. नेमके ते डोक्यावरचे ठिपकेच त्यात गुळगुळीत होऊन जाऊ शकतात. फोटो आहे म्हणजे पुरावा आहे हे समीकरण त्यामुळे पूर्वीपेक्षा कच्चं झालं आहे.

आणि मन. ज्याची आस लागलेली असते ते डोळ्यांना आधी दिसतं, खुणा नंतर जुळवल्या जातात. अनुभवी निरीक्षक म्हणूनच पुस्तक उघडण्याआधी वहीत टिपून घेतो: काय दिसलं, किती वेळ, किती अंतरावरून, उजेड कुठून होता, काय दिसलं नाही. हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. ‘माथा नीट दिसला नाही’ असं लिहिणाऱ्याची नोंद जास्त वजनदार असते, कारण न दिसलेला भाग त्याने कल्पनेने भरून काढलेला नसतो.

अशा वादग्रस्त दाव्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथला आयव्हरी-बिल्ड वुडपेकर हा भलामोठा सुतार पक्षी १९४४ साली लुइझियानाच्या जंगलात शेवटचा निर्विवाद दिसला. २००४ मध्ये आर्कान्सासच्या दलदलीत छोटी होडी घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला तो दिसल्यासारखा वाटला. कॉर्नेल विद्यापीठाची पथकं तिथे उतरली, काही सेकंदांची एक अस्पष्ट चित्रफीत मिळाली, आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत पक्षी जिवंत असल्याची घोषणा झाली. माणसं रडली असं त्या काळचे वृत्तांत सांगतात. पुढच्याच वर्षी डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच शोधपत्रिकेत त्याच चित्रफितीची चौकटीमागून चौकट तपासून दाखवलं, की उडताना दिसणारा पांढरा भाग सर्वसामान्य पायलिएटेड वुडपेकरच्या पंखांच्या खालच्या बाजूशी जुळतो. त्यानंतर मोठमोठ्या शोधमोहिमा निघाल्या, आणि सर्वांना मान्य होईल असा एकही स्पष्ट फोटो आला नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने त्याला नामशेष ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. २०२३ मध्ये इतर २१ जातींची नावं संरक्षित यादीतून नामशेष म्हणून निघाली, तेव्हा या सुतार पक्ष्याचा निर्णय मात्र बाजूला ठेवला गेला.

रानपिंगळ्याशी तुलना केली की फरक लगेच लक्षात येतो. तिथेही दोन दिसायला जवळचे पक्षी, एक सर्रास आणि एक हरवलेला. पण शहाद्याच्या झाडावरचा पक्षी शांतपणे बसून राहिला, त्याच्या सगळ्या खुणा चित्रफितीत आल्या, आणि नंतर जाणाऱ्यांना तो पुन्हा पुन्हा दिसला. शास्त्राला लागतो तो हा ‘पुन्हा’. एकदाच दिसलेला आणि परत कधीच न दिसलेला पक्षी खरा असूही शकतो, पण त्याच्या आधारावर जंगल राखून ठेवता येत नाही.

आपल्याकडे गुलाबी डोक्याच्या बदकाचं असंच होत आलं आहे. बिहार-बंगालच्या पाणथळ गवताळ भागातला हा पक्षी १९३५ च्या सुमारास दरभंग्याकडे शेवटचा दिसला. त्यानंतर तो दिसल्याच्या ज्या बातम्या येतात, त्यांत बऱ्याचदा हिवाळी पाहुणी मोठी लालसरी असते. तिचं डोकं तांबूस-केशरी, आणि उन्हात, पाण्याच्या चकाकीत, दुरून, ते कसंही दिसतं.

तरी शंकेचीही एक मर्यादा आहे, आणि ती न पाळल्याचे परिणाम पक्षी भोगतात. पक्षी संपला असं घाईने ठरवलं तर त्याचं जंगल राखण्याचं कारणच उरत नाही. मग तो खरोखर संपतो. रासमुसेन यांचे सहकारी कॉलर यांनी या चुकीला ‘रोमिओची चूक’ असं नाव दिलं. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या एका छोट्या फुलचुख्याला दीर्घकाळ नामशेष मानलं गेलं, त्याचं रान जवळजवळ सगळं तोडलं गेलं, आणि १९९२ मध्ये तो शिल्लक राहिलेल्या चिमूटभर झाडीत जिवंत सापडला. तेव्हा ‘दावा सिद्ध झालेला नाही’ आणि ‘पक्षी नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं म्हणणारा शास्त्राच्या बाजूने बोलतो. दुसरं म्हणायला त्याहून कितीतरी जास्त शोध लागतो, योग्य ऋतूत, योग्य वेळी, योग्य जागी.

दावा कुणाचा आहे, यावरून तो तोलण्याची खोड मात्र दोन्हीकडून घातक. आंध्र प्रदेशातल्या जेर्डनच्या धाविकाची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. हा निशाचर पक्षी १९०० नंतर दिसलाच नव्हता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण त्याच्या चित्राची पत्रकं घेऊन कडप्पा भागातल्या गावांत हिंडले, शिकाऱ्यांशी, गुराख्यांशी बोलले. जानेवारी १९८६ मध्ये ऐतण्णा नावाच्या गावकऱ्याने रात्री विजेरीच्या उजेडात एक पक्षी पकडून आणला. तो जेर्डनचा धाविकच होता. पक्षी वाचला नाही, याची हळहळ आजही वाटते. पण पुरावा हातात होता, आणि त्यातून पुढे श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्य उभं राहिलं. एका बाजूला पदव्या, पदं आणि २० हजार नमुने असलेला कर्नल, दुसऱ्या बाजूला रानाची वाट ठाऊक असलेला गावकरी. कर्नलचं लेबल अनेक दशकं कुणी तपासलं नाही. ऐतण्णाचा पक्षी मात्र लगेच नीट तपासला गेला. दोघांनाही एकच कसोटी लावली असती तर रानपिंगळा कदाचित आणखी आधी सापडला असता. आणि धाविकाचं पुढचं? तोही नंतर पुन्हा दिसेनासा झाला. अनेक वर्षांच्या शांततेनंतर २०२५ मध्ये आंध्रमधूनच त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण पुढे आलं.

जोगेश्वरीतल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुनील लाड यांना शहापूरजवळच्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा दिसला. मुंबईला पाणी पुरवणारं हेच तानसा. जोगेश्वरीपासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर. तोवर हा पक्षी सातपुडा आणि मेळघाटचा मानला जात होता. शास्त्रज्ञांनी तानसाच्या नोंदीकडे संशयाने पाहणं अगदी रास्त होतं. पण खुणा स्पष्ट दिसतील असे फोटो होते, नोंद रीतसर प्रसिद्ध झाली, आणि मागून गेलेल्या इतर निरीक्षकांनाही पक्षी तिथेच दिसला. शंका जिथे संपायला हवी तिथे संपली.

उद्या आरेतून किंवा शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून कुणी असा दावा केला तर? तानसापासून अंतर फारसं नाही, त्यामुळे अशक्य म्हणून तो झटकता येणार नाही. पण रानपिंगळा सागाच्या कोरड्या पानगळीच्या जंगलातला आणि आरेत साधे पिंगळे मुबलक. दाव्याला सुरुवातीपासूनच चढ चढायचा आहे. माथा, पोट आणि शेपटी दाखवणारे, न सुधारलेले मूळ फोटो लागतील. त्यांच्यावर वेळ आणि ठिकाण असावं. आवाज ध्वनिमुद्रित झाला तर फार बरं, कारण दोघांचे आवाज वेगळे. आणि दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे जाऊन तो बघावा, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला सतत त्रास न देता. ‘ई-बर्ड’सारख्या नोंदींच्या संकेतस्थळावर अनपेक्षित नोंदी तपासणारे स्वयंसेवक असतात. त्यांनी पुरावा मागितला की कुणी कुणी चिडतात, आपल्याला खोटं ठरवलं असं त्यांना वाटतं. नोंद नाकारली जाते तेव्हा माणसाचा प्रामाणिकपणा नाकारला जात नाही, एवढं समजून घेतलं तर पुष्कळ कटुता टळेल.

शिवाय आरेने कसोटीला उतरलेले शोध दिलेले आहेत. झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी २०१० मध्ये तिथल्या विंचवाच्या एका नव्या जातीचं वर्णन केलं आणि तिला ‘लायकस आरेयेन्सिस’ असं आरेचंच नाव दिलं. शहराच्या पोटात नवी जात आहे हे ऐकायला रानपिंगळ्याच्या दाव्याइतकंच अचाट. पण नमुने होते, मोजमापं होती, जवळच्या जातींशी केलेली तुलना होती. कुणालाही पडताळून पाहता येत होतं.

१९९७ नंतर सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्याच्या परिसरात पद्धतशीर पाहणी केली आणि उत्तर महाराष्ट्र व नैर्ऋत्य मध्य प्रदेशातल्या चार ठिकाणी मिळून २५ रानपिंगळे मोजले. पुढे मेळघाट हा त्याचा मोठा आधार ठरला. २०१५ मध्ये गुजरातच्या डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातली नोंद प्रसिद्ध झाली. हे पूर्णा अभयारण्य तापीकाठच्या त्या मांडवीपासून सत्तरेक किलोमीटरच्या आतच आहे. म्हणजे कर्नलने खोट्या लेबलासाठी जी जागा निवडली, तिच्या बऱ्यापैकी जवळ रानपिंगळा खरोखरच राहतो. कुणाला वाटेल, मग ते लेबल तसं चुकीचं कुठे होतं? पण ज्या पक्ष्याच्या पायाला ते बांधलं होतं तो पक्षी खानदेशातला होता, आणि मांडवीत १९१४ साली काय होतं याबद्दल ते लेबल आजही आपल्याला काहीच सांगत नाही. योगायोगाने बरोबर निघालेल्या अंदाजाला नोंदीचा दर्जा देता येत नाही.

२०१८ मध्ये पंकज कोपर्डे आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे रानपिंगळा हा साध्या पिंगळ्याच्याच गटात बसतो असं दाखवून वर्गीकरणाचा जुना वाद मिटवत आणला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी एक पायरी खाली आली. नवी ठिकाणं सापडल्यामुळे हा बदल झाला. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही २५० ते ९९९ एवढाच आहे, आणि सागाची तोड व अतिक्रमण थांबलेलं नाही.

तानसा आणि डांग यांच्यामध्ये जव्हार, मोखाडा, पेठ, सुरगाणा असा डोंगराळ पट्टा आहे. त्यात पानगळीच्या जंगलाचे तुकडे विखुरलेले आहेत. दोन्ही टोकांना पक्षी पक्का आहे, तेव्हा मधल्या तुकड्यांत तो असण्याची शक्यता खरोखर तपासण्याजोगी आहे. त्यासाठी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या, पानं झडलेल्या दिवसांतल्या सकाळी उत्तम. ऊन वर आलं की रानपिंगळा उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. ज्या तुकड्यांत तो दिसणार नाही तिथे किती तास, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने शोधलं, हेही वहीत यायला हवं. रिकाम्या हाताने परतलेल्यांच्या अशाच नोंदींवरून पुढच्या पाहणीची ठिकाणं ठरतात.